मामींचा अबोला आणि केंद्राचं छप्पर

(या गोष्टीत जे कंसात आहे, ते कुणीही मोठ्यानं बोललेलं नाही.)

लाँड्रीतल्या मामा-मामींचा अबोला दुसऱ्या आठवड्यात शिरला, तेव्हा त्याचा सगळ्यात जास्त त्रास शेजारच्या सलूनवाल्याला व्हायला लागला.

"मामींना सांग रे, स्टार्च संपत आलाय," मामा दुकानाच्या दारात उभे राहून त्याला हाक मारत. मामी त्यांच्यापासून दोन हातांवर इस्त्री करत असत.

"मामी, स्टार्च संपत आलाय."

"यांना म्हणावं, वरच्या फळीवर आहे. डोळे उघडे ठेवून बघितलं तर दिसतो."

"मामा, वरच्या फळीवर." डोळ्यांचा भाग सलूनवाला स्वतःच्या जबाबदारीवर गाळत असे. हातात वस्तरा, खुर्चीत गिऱ्हाईक, आणि दर पाच मिनिटांनी हे. शनिवारी सकाळी तो वैतागून म्हणाला, "मामा, मामी, दोघंही ऐका. आजपासून मी निरोप पोचवणार नाही. काल तुमच्या स्टार्चपायी एकाची मिशी गेली. आता तुमचं तुम्ही बघा."

आणि त्यानं दोन दुकानांमधला पडदा ओढून घेतला. तो त्याच्या जागी बरोबरच होता. पण पुढे जे झालं ते त्यानंतर झालं, हेही खरं.

*

भांडणाचं कारण चिमणी.

चिमणी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नाव लहानपणीचं, आता ती चांगली उंचपुरी बाई झाली होती आणि तिनं हाक मारली तर मागच्या गल्लीतली कबुतरं उडत. ऑफिसातली पंख्याखालची नोकरी सोडून तिनं बसस्टँडमागचं युवा केंद्र चालवायला घेतलं होतं. केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम. शाळा सुटल्यावर ज्या पोरापोरींना घरी जागा नाही किंवा घरी जावंसं वाटत नाही, ती तिथे येत. टेबल टेनिस खेळत, अभ्यास करत, कोपऱ्यात ड्रम बडवत. छप्पर इतकं गळायचं, की टेबल टेनिसचा चेंडू कधी कधी बादलीत पडायचा आणि तो पॉइंट कुणाचा यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

गोदामाचा मालक शेवटी म्हणाला, "महिनाअखेरीपर्यंत छप्पर करून घ्या. नाहीतर मी कुलूप लावतो. उद्या कुणाच्या डोक्यात पत्रा पडला तर मला निस्तरायला लागेल."

चिमणीकडे छपराचे पैसे नव्हते. कल्पना होती. वस्तीतल्या प्रत्येकानं घरातले न लागणारे चांगले कपडे द्यायचे, ते आई-बाबांच्या लाँड्रीत धुवून, इस्त्री करून घ्यायचे आणि रविवारी केंद्रात विकायचे.

"लोक काय देणार?" मामा म्हणाले. "फाटके बनियन! चांगली वस्तू उचलून कुणी देत नसतं. अख्खा जन्म लोकांचे मळके कपडे धुण्यात गेलाय माझा, मला लोक शिकवू नका. माझ्या मशीनमध्ये असल्या चिंध्या जाणार नाहीत."

"नका घालू. मी घरी हातानं धुवीन," मामी म्हणाल्या.

"धू! पोरगी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय, आणि तू तिला धोंडा उचलून देतेयस."

चिमणी दारातच उभी होती. तिनं चपला घातल्या आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून ती दुकानात आली नाही. मामींनी इस्त्री गरम केली आणि तोंड बंद केलं.

*

न बोलता दुकान चालवायला नियम लागतात. ते आपोआप तयार झाले.

मामा मागच्या बाजूला मशीनवर. धुणं, डाग काढणं, वाळवणं त्यांच्याकडे. मामी पुढे. इस्त्री, घड्या, हँगर, नंबराची चिठ्ठी टाचणं त्यांच्याकडे. हे पहिल्यापासूनचंच. त्यामुळे मामांना वस्तीतला प्रत्येक कपडा माहीत होता, पण ओला आणि चुरगळलेला. इस्त्री होऊन हँगरवर चढलेला कपडा त्यांना, पाळण्यात पाहिलेलं मूल एकदम नवरदेव होऊन समोर यावं, तसा अनोळखी वाटायचा.

गिऱ्हाइकांचे तयार कपडे पुढच्या दांड्यावर. केंद्राला मिळालेले कपडे आतल्या खोलीत, आतल्या दांड्यावर. त्या खोलीत मामांनी तत्त्व म्हणून पाऊल टाकलेलं नव्हतं. चहाची साखर तिथे होती. मामा चहा बिनसाखरेचा पीत.

(गोड चहाशिवाय यांचं डोकं दुखतं. मी साखर बाहेर आणून ठेवते. पण दिसेल अशी नाही.)

(ही साखर आज इथे कशी आली? मुद्दाम ठेवली असणार. मी घेणार नाही.)

(घेतली नाहीच. हट्टी माणूस.)

(एक चमचा कमी झालेला कळणार नाही तिला.)

*

शनिवारी दुपारी वाफेचा पाइप गळायला लागला. नेमका पुढच्या दांड्यावर, गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर. मामा तेव्हा पाइपवाल्याला शोधायला गेले होते. मामींनी धावपळ करून गिऱ्हाइकांचे सगळे कपडे उचलले आणि आतल्या दांड्यावर नेऊन टांगले. तिथले केंद्राचे कपडे त्यांनी बाहेर आणले आणि पाइपापासून लांब, खिडकीपाशी एका दोरीवर अडकवले. ते तसेही जुनेच. चार थेंब पडले तरी काय बिघडणार?

मामा परत आले. (पुढचा दांडा मोकळा, म्हणजे गिऱ्हाइकं कपडे घेऊन गेली. खिडकीशी पुसायच्या चिंध्या वाळतायत वाटतं.) मामींनी पडद्यापलीकडे बघितलं.

"अरे," त्या सलूनवाल्याला म्हणाल्या, "यांना जरा सांगतोस का, की मी कपड्यांची..."

"मामी," पडद्यामागून आवाज आला, "सकाळी काय म्हणालो मी?"

मामी गप्प बसल्या. एवढंसं वाक्य होतं. नवऱ्याकडे तोंड करून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पंधरवडाभर राखलेला अबोला असा पाइपापायी मोडायचा? त्यांनी विचार केला, कपडे कुठे आहेत हे यांना कळायची गरजच काय? हे आतल्या खोलीत जातच नाहीत.

*

रविवारी पहाटे मामा आतल्या खोलीत गेले.

त्याआधी ते बराच वेळ अंथरुणात जागे होते. चिमणी दारातून ज्या पाठमोऱ्या चालीनं निघून गेली, ती चाल त्यांना रोज दिसत होती. सात वर्षांची असताना शाळेत जायला नको म्हणून ती अशीच चालायची, खांदे वर करून. तेव्हा ते मागून धावत जायचे आणि तिला खांद्यावर घ्यायचे. आता तिला खांद्यावर घेता येत नाही. पण कपडे टेम्पोत भरून केंद्रात पोचवता येतात. कुणी उठायच्या आत. कुणाला काही न बोलता. कारण बोलायचं तर चुकलं म्हणावं लागणार, आणि ते मामांना कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

त्यांनी दिवा लावला आणि ते दारातच थबकले.

फाटका बनियन एकही नव्हता. काळे कोट, करडे कोट, लोकरीचा एक लांब तपकिरी कोट, मऊसूत शाली, रेघा उठलेल्या पँटी, मोत्याच्या बटणांचा झगा. मामा एकेका कपड्यावरून हात फिरवत पुढे सरकत होते. एक काळा गाऊन लागला. (वकीलसाहेबांनी गाऊनसुद्धा दिला! वकिली सोडली वाटतं.) एक कोरा करकरीत सूट लागला. (हा तर लग्नातला दिसतो. संसाराला कंटाळला असेल बिचारा.)

ते तिथल्याच एका पेटीवर बसले. अख्खा जन्म लोकांचे कपडे धुतले आणि लोकांना ओळखलं नाही. चिमणीनं ओळखलं. पंख्याखालची नोकरी सोडून गेली ती उगाच नाही.

मग त्यांना दिसलं, की प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचलेली आहे. (फुकटच्या कपड्यांनासुद्धा चिठ्ठ्या! सवय जात नाही हिची.) विकायच्या कपड्यांना लाँड्रीच्या चिठ्ठ्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून त्यांनी कात्री घेतली आणि मोठ्या प्रेमानं, कापडाला धक्का न लावता, सगळ्या चिठ्ठ्या कापून काढल्या.

एकही ठेवली नाही.

*

दुकान उघडल्यावर पहिल्या आल्या त्या हेडबाई. शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण अजून त्या रस्त्यातून निघाल्या की मोठमोठी माणसं सिगारेट पाठीमागे लपवत.

"माझा तपकिरी कोट," हेडबाई म्हणाल्या.

"आणते हं," म्हणून मामी आत गेल्या. मोकळा दांडा. खाली, नीट गोळा करून ठेवलेला, चिठ्ठ्यांचा एक ढीग. मागच्या दारातून बघितलं तर टेम्पो नाही. मामींना सगळं एका क्षणात समजलं. पंचवीस-तीस वर्षं ज्या माणसाचं जेवण वाढलं, त्याची चूक समजायला चिठ्ठीची गरज नसते.

त्या बाहेर आल्या तर हेडबाईंच्या शेजारी एक तरुण उभा होता, हातात फुलांची पिशवी. "मामी, माझा सूट. संध्याकाळी लग्न आहे ना."

"कुणाचं?" मामींनी विचारलं. त्यांना वेळ काढायचा होता.

"माझं!"

मामींनी फोन उचलला.

केंद्रात मामा टेबल टेनिसच्या टेबलावर कोट मांडत होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला. मामींचं नाव बघून त्यांनी हातातला कोट बाजूला ठेवला. त्यांनी फोन कानाला लावला.

(बोला की काहीतरी! 'हॅलो' तरी म्हणा! मीच आधी बोलायचं?)

(तिनं फोन केला. म्हणजे दांडा बघितला. म्हणजे राग गेला.)

(माझ्यासमोर नवरदेव उभा आहे हो!)

(रडतेय वाटतं. श्वासच ऐकू येतोय नुसता. राहू दे. असल्या वेळी काही बोलू नये.)

मामांनी हसून, अगदी हळूच, फोन ठेवला.

"काय म्हणाले?" नवरदेवानं विचारलं.

"काही नाही म्हणाले," मामी म्हणाल्या आणि त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. "चला. सगळे चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तुमचे कपडे विकायला गेलेत तिथे."

शेजारच्या सलूनमधून एक गिऱ्हाईक खुर्चीवरून ताडकन उठलं. वकीलसाहेब. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल गुळगुळीत. "माझा गाऊन?" ते म्हणाले. सलूनवालाही निघाला. अर्धी दाढी वाऱ्यावर सोडणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. बसस्टँडपर्यंत जाईतो शिकारीला निघाल्यासारखी बरीच माणसं मागे लागली होती. त्यातली काही लाँड्रीची गिऱ्हाइकंही नव्हती.

*

केंद्रात विक्री जोरात होती.

चिमणी सकाळी कुलूप उघडायला आली तेव्हा बाबा टेम्पोत बसून होते. तिनं कपडे बघितले, बाबांकडे बघितलं, पुन्हा कपडे बघितले.

"बाबा, एवढे चांगले? लोकांनी दिले?"

"लोक चांगले असतात, चिमणे," मामा म्हणाले. "आपणच त्यांना ओळखत नाही." आणि लगेच, कुणी लक्ष देऊ नये म्हणून, हँगर मोजायला लागले.

चिमणी बादली सरकवायला वाकली आणि पुष्कळ वेळ वाकलेलीच राहिली.

त्यानंतर कपडे हातोहात गेले. वस्तीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, की केंद्रात कोऱ्यासारखे कोट मातीमोल भावानं मिळतायत. भाजीवालीनं लांब तपकिरी कोट घेतला आणि तो घालूनच ती आरशासमोर उभी राहिली. नवा सूट घेतला एका पोरानं, जो केंद्राच्या टेबलावर अभ्यास करून परीक्षा पास झाला होता आणि उद्या त्याची पहिली मुलाखत होती. काळा गाऊन ड्रम वाजवणाऱ्या पोरीनं घेतला. बाह्या मोठ्या असल्या की हात उडवताना झकास दिसतं, असं तिचं म्हणणं. पैशांचा डबा भरत होता. मामा डब्याशी बसले होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "ही माझी मुलगी. हे सगळं तिचंच."

तेवढ्यात दारात मामी आल्या. मागे सगळा लवाजमा.

मामा उठून उभे राहिले. मामींनी तोंड उघडलं. पंधरवड्यानंतर नवऱ्यासाठी उघडलेलं तोंड.

"अहो," त्या म्हणाल्या.

मामांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की पुढची दोन-तीन वाक्यं त्यांना ऐकूच आली नाहीत. अहो म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली.

"...आणि पाइप गळत होता म्हणून मी आत नेऊन ठेवले! गिऱ्हाइकांचे कपडे आहेत हो ते! दिलेले कपडे खिडकीशी लटकतायत अजून. बनियन, फाटके बनियन!"

हसू तसंच राहिलं, पण त्यामागचे मामा कुठेतरी निघून गेले.

*

कोपऱ्यात छपरातून बादलीत एक थेंब पडला. तो सगळ्यांनी ऐकला.

मामा एका स्टुलावर चढले. त्याची गरज नव्हती, ते उंच होते. "चूक माझी आहे," ते म्हणाले. सलूनवाल्यानं मामींकडे बघितलं. मामींनी डोळे मिटले होते. "हिची नाही, पोरीची तर नाहीच. ज्यांनी कपडे घेतले त्यांनी परत द्या, तुमचे पैसे हा डबा परत देईल."

चिमणीनं डबा पुढे सरकवला. तिचे खांदे वर गेले होते. मामांनी ते बघितलं, आणि स्टुलावरून त्यांना उतरताच येईना.

हेडबाई भाजीवालीसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हा माझा कोट आहे."

"असेल, बाई. पण आता पैसे देऊन मी घेतलाय."

"किती दिलेत?"

भाजीवालीनं आकडा सांगितला. हेडबाईंचा चेहरा पडला. "एवढेच? या कोटाला?"

"मी पण तेच म्हटलं! एवढ्यात कुठे मिळतो असला कोट?"

"मी तुम्हाला दुप्पट देते. पण डब्यात टाकते, तुमच्या हातात नाही."

"वा! आणि माझा धंदा? मी सकाळपासून इथे उभी राहिले त्याचं काय?" भाजीवालीनं कोटाची बटणं लावायला घेतली. "तिप्पट. आणि दुप्पट डब्यात, एक माझ्या हातात."

"तुम्ही माझ्या वर्गात होता का हो?"

"होते. गणितात नापास केलं होतं तुम्ही मला."

"चूक झाली माझी," हेडबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पर्स उघडली. पण बटणं सोडायला भाजीवालीला बराच वेळ लागत होता. तिनं कॉलर एकदा गालाला लावून बघितली. पहाटे मंडईत उघड्यावर बसावं लागतं, असं काहीतरी ती सलूनवाल्याला म्हणाली, हेडबाईंना नाही. हेडबाईंनी पर्समधले सगळे पैसे डब्यात टाकले आणि म्हणाल्या, "राहू दे. वरचं बटण लाव. वारा तिथूनच शिरतो."

आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आता रडताना कुणी बघितलं तर सिगारेटी लपवायचं बंद होईल, असं त्यांना वाटलं असावं.

यानंतर डब्यातून पैसे परत घ्यायला कुणाचा हात पुढे होईना. अगदीच झाला नाही असं नाही. करड्या पँटीवरून दोघांचं जुंपलं. दोन पँटी, रंगानं अगदी एकसारख्या, चिठ्ठ्या कापलेल्या. दोघांनाही जास्त घेराची ती दुसऱ्याची वाटत होती. त्यातला एक पाय आपटत निघून गेला. तो अजून कपडे धुवायला पलीकडच्या चौकात देतो.

वकीलसाहेब ड्रमवालीशी बोलत होते. गालावरचा फेस सुकून कडक झाला होता, त्यामुळे ते एकाच बाजूनं बोलत होते.

"उद्या कोर्टात केस आहे माझी. गाऊन दे."

"पैसे देऊन घेतलाय. कायद्यानं माझा."

"विकणाऱ्याचा नव्हताच तो. मालकी कुठून मिळणार तुला?"

"मग माझे पैसे कुणाकडे मागू? ज्यांनी विकला त्या मामांकडे?" तिनं स्टुलावर अडकलेल्या मामांकडे बोट दाखवलं. "त्यांच्याकडे बघून सांगा."

वकीलसाहेबांनी बघितलं. "वाद चांगला करतेस," ते म्हणाले. "पैसे राहू देत डब्यात, वरचे मी घालतो. गाऊन मला दे. आणि ड्रम वाजवून झाले की दुपारी माझ्या ऑफिसात येत जा, पुस्तकं आहेत."

"बाह्या तेवढ्याच मोठ्या मिळतात का तिथे?"

"वेळ लागतो. मिळतात."

राहता राहिला सूट. नवरदेव आणि मुलाखतवाला एकमेकांसमोर उभे होते आणि दोघांनाही भांडता येत नव्हतं.

"माझं संध्याकाळी आहे," नवरदेव म्हणाला.

"माझं उद्या सकाळी," मुलाखतवाला म्हणाला.

दोघांनी एकमेकांचे खांदे बघितले.

"पंगतीत काही सांडणार नाही ना?" मुलाखतवाल्यानं विचारलं.

"सांडलं तर मामा आहेत." नवरदेव विचारात पडला. "उद्या सकाळी दारात आणून देतो. मग तूच ठेव. तसंही लग्न मी एकदाच करावं असा तिचा आग्रह आहे."

*

गर्दी पांगल्यावर केंद्रात तिघं उरली. डबा छपरापुरता भरला होता. पन्हळीचं नंतर बघू, असं गर्दीत आलेला गोदामाचा मालक म्हणाला. जाताना त्यानंही एक कोट उचलला आणि भाव न करता पैसे टाकले. तो कोट कुणाचा होता ते अजून कळलेलं नाही.

मामांना स्टुलावरून मामींनी उतरवलं. आता ते त्याच स्टुलावर बसले होते. समोर चिमणी टेबलाच्या कडेवर बसली होती. मामांना तिला काहीतरी सांगायचं होतं.

"पहाटे तुम्ही आणलेत ते कपडे? स्वतःहून?" चिमणीनं विचारलं. "आईनं नव्हतं सांगितलं?"

मामा आपल्या हातांकडे बघत राहिले.

"ते म्हणतायत," मामी म्हणाल्या, "की नोकरी सोडलीस ते बरं केलंस."

चिमणीनं बाबांकडे बघितलं. "ते तर काहीच बोलले नाहीत."

"पंधरा दिवस यांचं न बोलणं ऐकतेय मी. सगळं ऐकू येतं मला आता." मामी शेजारी येऊन बसल्या. "ते म्हणतायत, तू त्या दिवशी दारातून गेलीस तेव्हापासून त्यांना जेवण गेलेलं नाही."

मामांनी मान हलवली. नकारार्थी की होकारार्थी, ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

"ते म्हणतायत, छपराचं काम चालेल तोवर मुलांना आमच्या दुकानात बसव."

"असं मी म्हणालो नाही!" मामांना एकदम आवाज फुटला. "दुकानात गिऱ्हाइकं येतात." ते थांबले. "मागच्या खोलीत बसव. तिथे उजेड चांगला आहे."

"ते म्हणतायत, टेबल टेनिसचं टेबलही मावेल तिथे."

"मावणार नाही. मशीन थोडी सरकवली तर... दोन माणसं लागतील सरकवायला. तो सलूनवाला येईल."

"आणि ड्रम."

"ड्रम नाही!"

"ते म्हणतायत, ड्रम दुपारी."

"दुपारी मी झोपतो, अगं!"

"ते म्हणतायत, दुपारी नको, संध्याकाळी चालेल."

मामांनी तोंड उघडलं, मामींकडे बघितलं, आणि मिटलं. चिमणीच्या खांद्यांतलं काहीतरी हळूहळू खाली उतरत होतं. ती हसत होती की काय करत होती ते नीट कळत नव्हतं, पण बाबांच्या स्टुलाकडे ती जरा सरकली.

"आता काय म्हणतायत?" तिनं आईला विचारलं.

मामींनी कान देऊन ऐकलं. बराच वेळ. मामांचा हात मुलीच्या डोक्यावर टेकला होता आणि तो त्यांना काढायचा नव्हता.

"आता काही नाही," मामी म्हणाल्या. "आता नुसते बसलेत."